दादाची काळी केळी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादा आला. एक बॅग, एक काठी आणि एक भलंमोठं खोकं! मला वाटलं औषधं असतील. निघाला एअर फ्रायर. "हा माझा स्वयंपाकी," म्हणाला. "ह्याच्याशिवाय मी कुठे जात नाही."

ही जरा फुगलीच. "माझ्या हातचं काही वाईट असतं का, भाऊजी?" तसं नव्हे म्हणे. दादा गॅसला हातच लावत नाही. चौदा महिन्यांपूर्वी वहिनी गेली, तेव्हा पुतणीने हे यंत्र आणून दिलं. बटाटे, पाव, पापड, सगळं त्यातच. "आपोआप बंद होतं. मी विसरलो तरी घर जळत नाही," दादा म्हणाला.

ही हसली. मला हसू आलं नाही.

सोळा तारखेपर्यंत आमच्याकडे. मग पुतणी येणार आणि त्याला वृद्धाश्रमात सोडणार. त्याची जागा ठरली आहे. त्यानेच ठरवली आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुतणीचा फोन. रडत होती. "काका, मी काय बाबांना घालवून देतेय का? माझ्या घरी खोली तयार आहे. बाबाच ऐकत नाहीत. म्हणतात, तुझी दोन पोरं घरात, माझं डोकं भरवशाचं नाही, उद्या नळाखाली पोराला बसवून विसरलो तर? काका, तुम्ही समजवा ना. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

कालपासून बघतोय मी त्याला. काय विसरतो हा माणूस? आमच्या लग्नाची तारीख त्याला पाठ, मला नाही. जुन्या मालकांचा फोन नंबर पाठ. काल पत्त्यात हिला सलग तीन डाव हरवलं, कुणाकडे कोणतं पान आहे ते मोजून. आणि हा म्हणे विसरभोळा!

शर्टाच्या खिशात चिठ्ठी ठेवतो. इस्त्रीला कपडे देताना मला सापडली. नळ. दिवा. कुलूप. चप्पल. एवढंच लिहिलेलं. घडीवर कागद झिजलाय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाजारात मोठी केळी दिसली. जाड सालीची, कच्ची असताना भाजीला वापरतात ती. दादाला पिकलेली आवडतात, गोड, कडा करपलेली. वहिनी तव्यावर करायची. घेतली सहा. म्हटलं, ह्याच्या त्या डब्यात करून घालू. निदान तेवढं तरी.

पिवळीधमक होती. कापली, तेल लावलं, ठेवली. दहा मिनिटांनी नुसती बुचं निघाली! दादाने एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, मग म्हणाला, "धाकट्या, तू बारा वर्षं पिकवणीचा प्रमुख होतास ना?"

ही खो-खो हसली. दादाने उरलेल्या चारांवरून अंगठा फिरवला. "अजून सात दिवस. साल काळी पडू दे. पूर्ण काळी. तुझी बायको फेकायला निघेल तेव्हा तयार झाली समज."

तो अंगठा! मला ह्याच अंगठ्याने शिकवलं. आम्ही दोघं फळांच्या वखारीत होतो. दादा प्रमुख, मी हाताखाली. बंद खोल्यांत केळी पिकवायची. फळ पिकताना स्वतःच तापतं, म्हणून भिंतीत वर झडप असते, ती वेळेवर उघडावी लागते. नाही उघडली तर फळ आतल्या आत उकडतं. दादा नुसता दाराला हात लावून सांगायचा, आत काय चाललंय ते.

आणि प्रमुख मी कसा झालो, ते लिही की! कागदाला तरी कशाला फसवतोस?

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहितो.

बावीस वर्षं झाली. शनिवार होता. दादाने चार वाजता झडप उघडली, ती मिटू नये म्हणून खुंटी लावली आणि घरी गेला. पोरीला ताप होता. साडेपाचला मला मागच्या भिंतीशी पेट्या रचायच्या होत्या. उघड्या झडपेचा दांडा खाली येतो, पेटी अडत होती. मी खुंटी काढली, झडप लावली. दहा मिनिटांचं काम. पेट्या रचल्या, हात धुतले, कुलूप लावलं, गेलो. रविवारी सुट्टी.

सोमवारी दार उघडलं तर वासानेच कळलं. तीनशे पेट्या. काळ्या, आंबट, हात लावला की पाणी.

मालकांनी विचारलं, "झडप कुणाकडे होती?" दादा म्हणाला, "माझ्याकडे. मी उघडली होती." मग वर बघितलं. झडप बंद. म्हणाला, "उघडली होती... बहुतेक." आणि मग एकदम खाली बघून, "विसरलो असेन. पोरीच्या तापामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायचं होतं फक्त. आत्ता सांगतो, आत्ता सांगतो, असं म्हणता म्हणता ती वेळ टळली. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी धीर झाला नाही. मालक चांगले होते, म्हणाले, होतं असं कधीतरी. दादाच ऐकेना. "ज्याला उघडलेलं आणि बंद केलेलं आठवत नाही, त्याने हे काम करू नये." नोकरी सोडली. जाताना मालकांना म्हणाला, "धाकट्याला करा. त्याचं लक्ष असतं."

त्याचं लक्ष असतं!! मी त्याच दिवशी मरायला पाहिजे होतं.

तो गेला वाहनतळावर टोकन द्यायला. डोक्याचं काम नको म्हणून. वीस वर्षं टोकन दिली.

९ फेब्रुवारी, सोमवार

केळी तपकिरी झाली. मी अजून गप्प.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्यालाच विचारलं. चहा पिताना, सहज विचारल्यासारखं. "दादा, वृद्धाश्रम कशाला? तुझं डोकं तर माझ्यापेक्षा चांगलं चालतं."

म्हणाला, "तसं वाटतं रे. मलाही वाटायचं. त्या दिवशी मी शपथेवर सांगितलं असतं की झडप उघडली. मला हाताला खुंटी लागलेली आठवते! आणि झडप बंद. तेव्हापासून मी माझ्या आठवणीवर विश्वास ठेवणं सोडलं. जे ठळक आठवतं तेच खोटं निघालं, तर बाकीच्याचं काय?"

मग म्हणाला, पोरीला त्याने कधी एकट्याने बाहेर नेलं नाही. बागेत नाही, जत्रेत नाही, शाळेत सोडायला नाही. "कुठेतरी विसरून आलो असतो तर?" पोर रुसायची, बाबा मला नेत नाहीत म्हणून. आणि वहिनीने त्याला स्वयंपाकघरात कधी एकटं सोडलं नाही. पाणी प्यायला गेला तरी ती मागे.

मला वाटत होतं, त्याची नोकरी गेली. एवढंच पाप माझं. नोकरी तर काहीच नव्हे! मी ह्या माणसाचं सगळंच काढून घेतलं, आणि त्याला ते माहीतही नाही. चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. दादा म्हणाला, "साखर कमी पडली का रे?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

केळी कोळशासारखी काळी. ही सकाळी कचऱ्याच्या डब्याकडे निघालीच होती! दादा ओरडला, "ठेवा ठेवा! आता कुठे त्यांना अर्थ आलाय."

उद्या करायची ठरली. उद्याच सांगायचं. परवा पुतणी येते. आज दिवसभर मनात वाक्यं जुळवली, सगळी भिकार. "दादा, तुला एक सांगायचं होतं." बावीस वर्षांनी हे वाक्य? थोबाडीत मारावंसं वाटतं स्वतःच्या.

हिलाही काही ठाऊक नाही. दुपारी म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय का? तोंड असं का?" हो म्हटलं. तिने ओवा दिला. मुकाट्याने चावला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

दादाने केळी स्वतः सोलली. साल हाताने निघत नव्हती, सुरीने उभी चिरली. तिरके काप, बोटाएवढे जाड. तेलाचं नुसतं बोट फिरवलं. "एकावर एक रचू नको, त्यांनाही हवा लागते." एकशे ऐंशीवर दहा मिनिटं लावली. मध्ये एकदा उलटायची. डबा घुरघुरायला लागला. ही म्हणते, घरात मांजर पाळल्यासारखं वाटतं.

मी ठरवलं होतं, घंटी वाजायच्या आत. सात मिनिटं गेली. काप उलटून झाले. वास सुटला, गोड, जळक्या साखरेचा.

मी म्हणालो, "दादा, झडप तू उघडली होतीस. मी लावली. पेट्या रचताना. उघडायची राहिली."

दादा माझ्याकडे वळला.

"किती वाजता?"

"साडेपाचला."

"मी चारला उघडली होती."

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"खुंटी लावलेली होती?"

"लावलेली होती, दादा. मीच काढली."

त्याने उजवा हात वर केला. हवेत, खुंटी लावतात तसा. आणि पुन्हा खाली घेतला. मी पाय धरायला वाकलो, तर पाय मागे घेतले. रागाने नव्हे. मला बघितलंच नव्हतं जणू.

घंटी वाजली. यंत्र आपोआप बंद झालं. काप सुंदर झाले होते, सोनेरी, कडा काळसर. कुणी खाल्ले नाहीत. दादा बाहेरच्या खोलीत जाऊन खिडकीपाशी बसला.

ही दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं. "वहिनी माझ्याजवळ रडायच्या हो," म्हणाली. "ह्यांना डॉक्टरकडे न्यावं का, विचारायच्या. तुम्ही तिथेच बसलेले असायचात, पेपर वाचत!" काप तिने झाकून ठेवले. मी एक तोंडात टाकला. गोड होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुतणी आली, घेऊन गेली. दादाने मला हाक मारली नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गाडीत बसताना हिला म्हणाला, "येतो." माझ्याकडे पाठ.

यंत्र इथेच राहिलं. मी धावत मागे गेलो, "दादा, हे!" गाडी वळून गेलेली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुतणीचा फोन. दादा वृद्धाश्रमात गेला नाही, तिच्याच घरी आहे. "काका, तुम्ही बाबांना काय सांगितलंत? परवापासून आईच्या फोटोसमोर बसलेत. जेवायला उठवलं तरी उठत नाहीत. तिला एकच सांगतायत, सारखं सारखं — मी विसरलो नव्हतो गं."