दाढ काढण्याआधी

दि. १४, मंगळवार

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. यातल्या दुसऱ्या 'वि'चा अर्थ विसरलो. तू मास्तरीण, तूच भर. मी मजेत. तुझी अक्कलदाढ पुढच्या आठवड्यात काढणार म्हणालीस, उरलेली अक्कल जपून ठेव. मी सध्या एका लॉजच्या काउंटरवर बसतो. इथे लोक चपला विसरून जातात, त्याही एकेकच. एका चपलेवर माणूस घरी कसा पोचत असेल? असो.

इथल्या रक्ताच्या दवाखान्यात नाव घातलंय. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन वेळेवर मिळतं. पण तिथे कॉम्प्युटरवर नोंदी करणारी एक बाई आहे. रक्त कुठे साकळलं, गुडघ्यात की घोट्यात, कामाला दांडी पडली का, नुसतं खोदून खोदून विचारते. एवढी चौकशी फुकट कोण करतं? लॉजच्या मालकाला कळलं तर माझं बोचकं रस्त्यावर. म्हणून मी ठोकून देतो, "सगळं ठणठणीत."

"मग लंगडताय का?"

"स्टाइल आहे."

"अहो, नाव कुणाला दिसत नाही. नुसता नंबर असतो."

"नंबर कैद्यांनाही असतो."

काल तर कहर केला. "बहीण आहे ना? वाहक आहे का?"

म्हटलं, "छे! शाळेत शिकवते. बसमध्ये चढली तरी तिला मळमळतं, तिकिटं कसली फाडणार?"

बाई हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली. मग म्हणते, तिला पाळीत रक्त फार जातं का? मी उठलोच. माझ्या बहिणीपर्यंत यायचं काम नाही!

"बसा हो. हा आजार बहुतेक वेळा आईकडून येतो. मुलाला होतो, मुलगी वाहून नेते, ती वाहक. तिला स्वतःला काही होत नाही असंच सगळे धरून चालले होते. आम्ही सगळ्या पेशंटांच्या नोंदी एकत्र लावल्या, तर बहिणींची माहितीच नाही. मग विचारायला लागलो. एकाची बहीण दाढ काढल्यावर रक्त थांबेना म्हणून ॲडमिट झालेली. तिचंही फॅक्टर कमी. कधी कुणी तपासलंच नव्हतं."

दाढ म्हटल्यावर मी परत खाली बसलो, ताई.

तू आठवलीस. दर महिन्याला पांढरीफटक होऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई म्हणायची, भावाचं बघून नाटकं करते. घरातला सगळा बर्फ माझ्या गुडघ्याला. तुला विचारलं की तुझं ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" आता मला त्या बाईपेक्षा तुझाच जास्त संशय येतोय.

फोनवर पाळी हा शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही, म्हणून हे पत्र. बाईला तुझा नंबर दिलाय, न विचारता. हवं तेवढं चिड, पण तिचा फोन उचल आणि खरं सांग. मीही सांगितलं. गुडघा सुजलाय, जिना उतरवत नाही.

रक्त तपासून होईपर्यंत त्या दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडू नकोस. माझ्याशी भांडायला खुशाल उघड. वाट बघतोय.

तुझ्याच रक्ताचा,
धाकटा