टिकीची नाव

बउळपल्ली, जिल्हा गंजाम
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चिरंजीव लिंगराज बाबू यांस,

दैतारी जेनाचे मनापासून आशीर्वाद. महाप्रभूंच्या दयेने इथे सगळे बरे आहेत. आज तुमच्या सासूबाईंनी अंधारातच उठून उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढली. मला अजून घरात नीट चालता येत नाही, पावलं पुसली की ओरडतात. सुरतेत थंडी पडली का? रात्रपाळीला जाताना कान बांधत जा.

फोनची गोष्ट लिहायला बसलो आहे. खेत्रवासीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तो शेजारचा फोन. आपण बोलतो तेव्हा खेत्रची बायको चुलीवरची हंडी उतरवून ऐकत उभी राहते.

कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे मी काय केलं, ते आधी सांगतो. केळीच्या खोडाच्या सोपाची नाव आदल्या दिवशीच करून ठेवली होती. ऋषिकुल्येत स्नान केलं, नावेत विड्याची पानं आणि सुपारी ठेवली, दिवा लावला आणि नाव पाण्यावर सोडली. सगळा गाव घाटावर होता. उजाडल्यावर घरी आलो. तुम्ही दिलेला फोन त्यानंतर लागला नाही.

माझ्या लेकीने, मिनतीने, तुम्हाला सांगितलं की चार्जिंगला लावला होता, आपोआप बंद पडला. तुम्ही लगेच ब्रह्मपूरच्या दुरुस्ती केंद्रातल्या तुमच्या मित्राशी, आर्तत्राण बाबूंशी बोललात आणि मला तिथे जायला सांगितलंत. फोन अजून हमीत आहे, नवा मिळेल, म्हणालात. तुमची ती धडपड पाहून मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण ते पुढे येईल.

गेलो. काचेच्या दारापाशी चपला काढल्या, तर आतल्या बाई म्हणाल्या, "मावसा, हे देऊळ नाही. चपला घाला, लादी गार आहे."

आर्त बाबूंनी चहा मागवला. पिनेने सिमची पट्टी बाहेर काढली, विजेरी मारून आत पाहिलं आणि मलाही दाखवलं. आत कागदाचा एक ठिपका असतो, तिळाएवढा. कोरडा असेतो पांढरा राहतो. पाणी लागलं की लाल होतो, आणि मग कितीही वाळवा, पुन्हा पांढरा होत नाही. आपल्या फोनचा ठिपका आळत्यासारखा लाल होता.

मग त्यांनी चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून भाताचं एक तूस ओढून काढलं.

"हे काय, मावसा? फोनला जेवायला घातलं होतं?"

तुमच्या सासूबाईंनी फोन भातात पुरून ठेवला होता. भात ओल ओढून घेतो, असं गावात सगळेच सांगतात. पण यांनी पुरला तो लक्ष्मीच्या पूजेसाठी नव्या भाताने भरून ठेवलेल्या मापात. "देवीच्या भाताने नाही सुकला तर कशाने सुकेल?" असं त्यांचं म्हणणं. नाही सुकला.

"हमी नक्की कशाची असते?" मी विचारलं.

"फोन आपणहून बिघडला तर कंपनी बघणार. पाणी शिरलं तर तुमचं तुम्ही."

"पण खोक्यावर तर फोनवर पाणी उडताना दाखवलंय."

"चित्र विकणाऱ्याचं असतं, मावसा. खालची बारीक अक्षरं वकिलाची असतात."

दोघंही हसलो. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, लिंगराज आणि मी सुरतेत एका खोलीत राहिलोय, एका हंडीतलं जेवलोय. मी ठिपका पाहिला नाही. तूसही पाहिलं नाही. तुम्ही एवढंच म्हणा, फोन पाण्यात गेला नव्हता. बाकीचं मी लिहितो."

"माझ्या एका शब्दावर?"

"लिंगराज म्हणाला, माझे सासरे रोज संध्याकाळी गावाला पोथी वाचून दाखवतात. ते नाही म्हणाले, तर नाही."

तुम्ही माझ्याबद्दल असं बोलता, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, विचार करून येतो.

"विचार?" ते म्हणाले. "पाण्यात गेला की नाही, हे आठवायला विचार लागतो?"

घरी आल्यावर तुमच्या सासूबाई माझ्यावर चिडल्या. "एक 'नाही' तर म्हणायचं होतं!"

"पोथीच्या पाटावर बसतो मी."

"पाटावर तासभर बसता. बाकीचा दिवस मुलीचे बाप असता ना?"

मिनती तुमच्याशी खोटं बोलली, ते मला वाचवायला आणि स्वतःलाही. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडून खिडकीत राहिलेला तुमचा फोन भिजला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमच्या घराण्याला वस्तू बुडवायचीच सवय." हे मिनतीने आम्हाला सांगितलं नाही. नातीने, टिकीने सांगितलं, तुमच्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून. आम्ही दोघं हसलो होतो. मग तुमच्या सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. आता सासऱ्यानेही फोन बुडवला हे कळल्यावर तिला काय ऐकावं लागेल, हा तिचा धाक. मलाही तोच होता. म्हणून खरं सांगतो, मी 'नाही' म्हणायच्या बाजूला झुकलो होतो. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपूरला जायचं, डोळे खाली ठेवून म्हणायचं आणि सुटायचं, असं ठरवलंही होतं.

त्या संध्याकाळी पोथी आटोपून येतो, तर खेत्र फोन घेऊन दारात उभा. "घ्या, सुरतेच्या मालकीणबाई आहेत."

टिकी होती. "अजा, तुझा फोन आपोआप मेला ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"आई म्हणते. आई म्हणते, आपण नदीवर गेलोच नव्हतो. मी नावेत बसलेच नव्हते. बाबाने विचारलं तर असंच सांगायचं." मग ती तोंड फोनला अगदी चिकटवून कुजबुजली. "पण अजा, बसले होते ना मी?"

मी विचारलं, "जेवलीस का?"

ती म्हणाली, "सांग ना."

मी फोन खेत्रच्या हातात दिला.

लिंगराज बाबू, आता त्या पहाटेचं राहिलेलं सांगतो. तुम्ही पाळीवरून परतला नव्हता. टिकीला नाव बघायची होती म्हणून मिनतीने तिला उठवून चेहरा दिसणारा फोन लावला. मी नाव दाखवली, दिवा दाखवला. तर ती म्हणाली, "अजा, मला पण बसव." मिनती हसत होती. मीही हसलो आणि विड्याच्या पानांना टेकून फोन नावेत उभा केला. समोर दिवा होता. त्याच्या उजेडात तिचा चेहरा असा दिसत होता, जणू खरोखरच नावेत बसली आहे. मी नाव सोडली. ती टाळ्या पिटत ओरडली, "चाललो! अजा, चाललो!" घाटावरच्या बायका वळून वळून बघत होत्या.

केळीची नाव ती. दिव्याचा भार सोसते, फोनचा सोसला नाही. एका अंगाला कलली आणि फोन पाण्यात गेला. पाण्याखाली थोडा वेळ उजेड दिसत राहिला. त्या उजेडात ती हसतच होती. मी उडी टाकून फोन काढेपर्यंत काळोख झाला होता.

पुढचं मी तुमच्या सासूबाईंनाही बोललो नाही. कार्तिक पौर्णिमेची नाव काठाशीच बुडणं आमच्याकडे चांगलं मानत नाहीत. इथे तर नातीचं तोंड पाण्यात गेलं, आणि ते माझ्या हातून. तेव्हापासून दर सोमवारी महादेवाला टिकीच्या नावाने दिवा लावतो. छाडखाईच्या दिवशी सगळा गाव कार्तिकाचं व्रत सोडून मटण खातो. मी नुसता पाखाळ, पाण्यात भिजवलेला शिळा भात, खाल्ला, तर खेत्र म्हणाला, "दैतारी भाई, व्रताचे पाच दिवस मासा न शिवणारा बगळासुद्धा आज धरायला निघाला, तुमचं व्रत काही सुटेना!" त्याला काय सांगणार?

तेव्हा 'फोन पाण्यात गेलाच नव्हता' हे वाक्य मला फक्त मिनतीसाठी नको होतं. ते माझं मलाच हवं होतं. ती गोष्ट घडलीच नाही म्हटलं, तर तो अपशकुनही घडला नाही. हमी देणारी कंपनी आणि मी, दोघंही एकच गोष्ट ऐकायला बसलो होतो.

पण टिकीने मला बुडण्याचं विचारलंच नाही. तिने बसण्याचं विचारलं. ज्या गोष्टीला मी रोज घाबरतो, ती त्या पोरीला जपून ठेवायची आहे. आणि आम्ही मोठी माणसं एका फोनसाठी तिच्याकडून ती काढून घेत होतो.

काल ब्रह्मपूरला गेलो. आर्त बाबूंनी लेखणी उघडून विचारलं, "तर मावसा, पाण्यात गेला नव्हता ना?"

मी म्हटलं, "गेला होता. मीच नावेत ठेवला होता. नात बसली होती त्यात."

त्यांनी लेखणी मिटली. "लिंगराजला मी काय सांगू?"

"मी लिहितो त्याला."

"मग हा घरी न्या. आता हा काही उठायचा नाही." मी निघालो, तर मागून म्हणाले, "नात कुठवर गेली होती, मावसा?"

मी हात लांब करून दाखवलं.

तुम्ही त्यांच्याजवळ माझ्या शब्दाची हमी दिली होती. ती मी मोडली नाही, एवढंच समजा. त्यांच्यावर राग धरू नका, मिनतीवर तर मुळीच नको. बोलायचं ते मला बोला, पत्राने बोला किंवा खेत्रच्या फोनवर. त्याची बायको ऐकेल, ऐकू दे. दुसरा फोन पाठवू नका. जुना मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आहे. तुमच्या सासूबाई म्हणतात, तिथे त्याचं काय काम? पण काढून टाकत नाहीत.

पत्र संपवण्याआधी आत्ताच खेत्रकडे जाऊन आलो. त्याच्या बायकोसमोरच फोन लावून घेतला आणि टिकीला सांगितलं, "बसली होतीस. मी स्वतः बसवलं होतं तुला. सगळ्या घाटाने बघितलं."

ती म्हणाली, "मग बाबाला सांगू?"

मी म्हटलं, "सांग."

हे पत्र पोचेल तेव्हा तिने सांगितलेलंच असेल. तुम्ही हसलात की रागावलात, ते मला इथे कळणार नाही. पण पुढच्या कार्तिकात तिला घेऊन या. केळीचा चांगला जाड सोप बघून ठेवतो.

टिकीला नावेत बसवणारा,
तिचा अजा
दैतारी