खारव्यांच्या घरची सुरमई

१२ जाने., सोम. अमरावती.
संपादकांनी बोलावलं. पर्यटन पुरवणीसाठी समुद्रकाठचं शहर हवंय. "रत्नागिरी करून या. बीच, हॉटेलं, काय खावं. माणसं नकोत, माणसांना जागा फार लागते." समुद्राला संस्कृतात डझनभर नावं, मला सगळी पाठ. प्रत्यक्ष पाहिलाय दोनदा. हो म्हणालो.

खरं कारण सांगितलं नाही. लेक प्रज्ञा तिथं बँकेत आहे आणि तिथल्याच नितेशशी लग्न करायचं म्हणते. मुलगा खारवी, पिढीजात मासेमारी करणाऱ्यांतला. स्वतः बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आम्ही वऱ्हाडातले बौद्ध. मधे सगळा महाराष्ट्र. सौ. म्हणते, तुम्ही बघून या, मग मी रडायचं की हसायचं ते ठरवते.

अकोल्याहून ताईचा फोन. वय ६८, हुकूम बिनशर्त. "सोयरीक पक्की झाल्याबिगर त्याइच्या घरचं मीठ खाऊ नोको. मंग नाई म्हनाची पंचाईत होते." बरं म्हटलं. ताईला दुसरं काही म्हणता येत नाही.

१४ जाने., बुध. रत्नागिरी.
सकाळपासून तीन किनारे. मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. मिऱ्याकडचा पांढरा. भाट्याला सुरूच्या बनात लोक एकमेकांचे फोटो काढताहेत, समुद्राकडे सगळ्यांची पाठ. एका जागी बसवत नाही. बसलो की नितेशच्या आईशी काय बोलायचं ते आठवतं, म्हणजे आठवत नाही.

लॉजचे मालक इस्माईलभाई. वऱ्हाडी सवयीनं मुसलमान दिसला की मी हिंदीत सुरू. ते शेवटपर्यंत मराठीतच बोलले, मग शांतपणे विचारलं, "तुम्ही नागपूरचे काय?" अमरावतीच्या माणसाला याहून मोठा टोला नाही. त्यांच्या घरी सात पिढ्या कोकणी-मराठीच. लेखात घ्यावं का? माणसं नकोत म्हणालेत.

१६ जाने., शुक्र.
सकाळी जेटीवर. बोटी एकमेकींना खेटून उभ्या, लिलाव बंद. मालक बरेचसे मुसलमान, शुक्रवार नमाजाचा. मग खारव्यांच्या बोटीही घरी. खलाशी निम्मे नेपाळी, डोंगरातून येऊन समुद्रावर. एक जण जाळं शिवत होता. भीती नाही वाटत? हसला नुसता.

शुक्रवार म्हणून नितेशचे वडील घरी, म्हणून दुपारचं आमंत्रण. वडील तांडेल, बोट त्यांच्या हुकमावर चालते. घरात मात्र चकार शब्द नाही. आई बाजारात मासळी विकते. घर लहान, लख्ख. ताट वाढून आलं. सुरमईची मोठी तुकडी, सोलकढी, तांदळाची भाकरी. प्र. आणि नितेश समोर.

ताईचा हुकूम आठवला. म्हणालो, "आत्ताच जेवून आलो."

आईंनी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही. ताट उचलून आत नेलं. त्यानंतर समुद्र, हवामान, डिझेल. पाणी प्यायलो की नाही, आठवत नाही. नसेन.

१७ जाने., शनि.
प्र. लॉजवर आली, बसली नाही. "बाबा, नितेशच्या आईंनी परवा पहाटे चारला उठून ती सुरमई निवडून आणली होती. तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, साहेबांना आमच्या घराचा वास आला वाटतं. मी नितेशला काय सांगू?"

आत्याची रीत सांगितली. "रीत?" म्हणाली आणि गेली.

लेखाच्या दोन ओळी झाल्या. खोडल्या.

माझे वडील, आबा, धामणगावजवळच्या खेड्यात मास्तर होते. शाळेतले गुरुजी घरी यायचे, ओसरीवर बसायचे, गप्पा मारायचे. आई चहा आणायची. ते म्हणायचे, आत्ताच घेऊन आलो मास्तर. दर वेळी, अगदी गोड आवाजात. आबा पुढच्या वेळीही चहा ठेवायला सांगायचे. मला संस्कृतला घातलं तेही त्याच जिद्दीनं.

आणि मी काल तेच वाक्य. तोच आवाजसुद्धा, बहुतेक.

१८ जाने., रवि.
मासळी बाजारात गेलो. नितेशच्या आई पाटावर बसून कोयत्यानं बांगडे साफ करत होत्या. मला पाहिलं, हात थांबला नाही.

"काय देऊ? का वास बघायला आलांव?"

शेजारची बाई हसली. मी तिथंच उकिडवा बसलो, गुडघे बोलले. ताईची रीत सांगितली. त्या म्हणाल्या, मग तसं आदी बोलायचं होतं, आमी काय रीतीची माणसं नाय? बरोबर होतं. मग आबांचं सांगितलं. कशाला सांगितलं, माहीत नाही, सौ.लाही पूर्ण कधी सांगितलेलं नाही.

त्यांनी पुढचा बांगडा ओढला.

"मग त्या चहाचं काय करी तुमचा बाप?"

"स्वतः प्यायचे. दोन्ही कप."

"आमी पण सुरमई आमीच खाल्ली." बांगड्यांवर पाणी मारलं. "गळ्याखाली नाय उतरली."

पुन्हा जेवायला बोलवा, असं मी तोंडानं म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. नाही अशी मान हलवली त्यांनी. "एकदा वाढलं ना. आता तुमचं घर बघू." मग गिऱ्हाईक आलं, मी उठलो. ही माफी की तंबी, कळलं नाही. प्र.ला विचारलं, तिलाही नाही.

२२ जाने., गुरु. अकोला.
लेख काल पाठवला. शुक्रवारच्या बोटी घातल्या. इस्माईलभाई घातले. संपादकांचा फोन: "हॉटेलं कुठायत?"

आज ताईकडे. सगळं सांगितलं. मला वाटलं रीतीसाठी भांडेल. म्हणाली, "माह्यानं चुकलं. पन तुले अक्कल नोती काय? आबाचा पोरगा ना तू."

संध्याकाळी नितेशच्या आईंचा फोन, थेट मला. सोमवारी नवरा-बायको दोघं येताहेत, अकोल्याला, आधी आत्याकडेच. रीत जिथली तिथं बघू, म्हणाल्या. मी म्हणालो, जेवायलाच या. पलीकडून: "येताव. जेवायचं काय ते तिथं आल्यावर."

तेव्हापासून ताई घरभर फिरतेय. धरणाची मरळ मिळेल का, त्याइले नदीची मासोई चालते का, खारं किती खातात. प्र. फोन उचलत नाही. सौ. उद्या पहाटेच्या गाडीनं येतेय. रडणं-हसणं अजून ठरलेलं नाही म्हणाली.

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अन् नाई जेवले तं?"

"पुन्हा विचारू."

"किती डाव?"