मंडईच्या आधी बसवलेला राउटर

प्रिय दिव्यानी,

फोन असताना बाबांनी पत्र काऊन लिहिलं, असं तुला वाटेल. फोन आला की तो तुझी आई घेते आणि माझ्या वाट्याला शेवटचं "जेवली का" तेवढं येतं. म्हणून आज धानाच्या बांधीतलं पाणी पाहून आलो, हातपाय धुतले आणि वही घेऊन बसलो. धान यंदा चांगलं आहे. लोंब्या भरत आल्या आहेत.

पहिली बातमी ही की नवा राउटर बसला. तू आईला म्हणाली होतीस, नेट नीट असेल तर दिवाळीपासून गावची मंडई, आपली जत्रा, होईपर्यंत महिनाभर इथूनच काम करीन, नाहीतर नेहमीसारखी दोन दिवसांची सुट्टी. दोन वर्षं झाली, तू दोन दिवसांच्या वर राहिली नाहीस. बेंगळुरूच्या कंपनीची तुझी मुलाखत याच घरात मध्येच तुटली, तेव्हापासून इथल्या नेटवरचा तुझा भरवसा गेला. नंतर पुण्याची नोकरी लागली, देवाची कृपा. पण घर तुझ्यासाठी पाहुण्याचं झालं. म्हणून मी या कामात लक्ष घातलं.

बसवायला ज्योत्स्ना आली, लटारूभाऊची, तुझ्या वर्गातली. नागभीडला तिचं नि तिच्या नवऱ्याचं फायबरचं दुकान आहे. शिडीवर ती चढते, नवरा खाली शिडी धरतो. जुना राउटर कुठे होता तुला माहीत आहे, देवघराच्या कोनाड्यात. घरात नवी वस्तू आली की आधी देवाजवळ ठेवायची, हळदकुंकू लावायचं, ही आपली रीत. फक्त तो तिथून परत काढायचा राहून गेला. दोन्ही बाजूंना मातीची जाड भिंत, समोर पितळी समया. ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला. "काका, देव सगळीकडे हाय, पण वायफाय नाई. याले बाहेर काढा." मी नारळ फोडला, देवाला सांगितलं, आणि नवा राउटर मधल्या खोलीत लाकडी फळीवर उंच ठेवला.

मी तिला विचारलं, नवा म्हणजे नेमकं काय नवं? तिने सांगितलं ते मला पंगतीवरून समजलं. जुना राउटर म्हणजे पंगतीतला एकटा वाढपी. एकाच्या पानात भाजी वाढून झाल्याशिवाय तो दुसऱ्याकडे वळत नाही, बाकीचे हात वर करून बसलेले. नवा एकाच फेरीत चार-पाच पानांत थोडंथोडं वाढत जातो, कोणी ताटकळत नाही. शिवाय तो फोनला सांगून ठेवतो की तुझी पाळी अमुक वेळाने येईल, तोवर झोप. त्यामुळे फोनची बॅटरीही वाचते. त्याचं कुलूपही पहिल्यापेक्षा पक्कं आहे म्हणे, पासवर्ड ओळखून आत शिरणं अवघड. पण ज्योत्स्ना खरं बोलणारी पोर. म्हणाली, "काका, बाहेरून येणारी तार तेच हाय, तिचा वेग काही हा वाढवत नाई. आन् फोन जुना असन त त्याच्याशी हा जुन्यासारखाच वागते." मला हे आवडलं. विकणाऱ्याने वस्तूची मर्यादाही सांगावी.

चौथ्या दिवशी नेट गेलं. मी तार पाहिली, बटण पाहिलं, शेवटी ज्योत्स्नाला बोलावलं. फळीवर राउटर दिसेना, नुसता स्टीलचा गंज, आपलं भाताचं पातेलं, उपडा ठेवलेला. पाल बसते म्हणून तुझ्या आईने त्यावर झाकण घातलं होतं. ज्योत्स्ना हसून हसून खालीच बसली. "काकू, हा काय भात हाय का, झाकून ठेवाले?" आई म्हणाली, "मंग सांगाचं होतं ना, लोखंडातून जात नाई म्हणून. मले काय सपन पडते?" आता वर जाळीचं कापड टांगलं आहे.

खरी परीक्षा गोकुळाष्टमीला, कान्होबा बसले तेव्हा झाली. सुगंधाबाई आत्या तिचं सगळं घर घेऊन आली. मी मोजले, चौदा फोन आणि वर टीव्ही. ओसरीवर भजन चालू, आत पोरं क्रिकेट पाहत होती, आणि आत्या ऊर्जानगरच्या तुझ्या चुलतभावाला, गोपालला, व्हिडिओवर कान्होबा दाखवत होती, "पाह्य रे, डोळे भरून पाह्य, मंग म्हणशीन आत्यानं दाखवला नाई." एकदाही अडकलं नाही. तुझ्या खोलीत तेवढी जाड भिंत आडवी येते. राउटर दोन लहरी सोडतो म्हणे; तिथे वेगाची लहर दमते, पण मंद लहर पोचते. ज्योत्स्ना म्हणते की मीटिंगला तेवढी पुरते. तरी तुझ्यासाठी मधल्या खोलीत टेबल लावलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिव्यानी, त्या दिवशी तुझी मुलाखत जुन्या राउटरने तोडली नाही. आभाळ गडगडलं की आपण घरातले सगळे प्लग काढतो, तू लहानपणापासून पाहिलं आहेस. त्या दुपारी गडगडाट झाला होता, पण लांब, चिमूरकडे. मी देवघरात होतो. दाराआडून तुझं इंग्रजी ऐकू येत होतं. तू हसत होतीस, मुलाखत घेणारेही हसत होते. मला वाटलं, ही आता गेली, एवढ्या दूर गेली. आणि मी राउटरचा प्लग काढला. गडगडाटाचं निमित्त होतं, एवढंच. थोड्या वेळाने परत लावला, तोवर तू रडत होतीस, आणि सगळे राउटरला शिव्या देत होते. त्यांत मीही दिल्या. तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावतो, पण देवाकडे सरळ पाहता येत नाही. नवं यंत्र पाहून तू भरवशाने येशील, आणि मी गप्प राहीन, हे मला जमेना. आता तू ठरव, महिनाभर यायचं की दोन दिवस, की यंदा नाहीच. रागावलीस तर तो राग माझ्या हक्काचा आहे. तुझ्या आईला अजून काही सांगितलेलं नाही. तू आलीस की तुझ्यासमोरच सांगेन. ती मला जे बोलेल, ते ऐकायला तू घरात असावीस एवढीच इच्छा आहे.

तुझाच,
बाबा