न विचारलेला प्रश्न

म्बिता, ९ फेब्रुवारी २०१४

ती. आकेयोताईस,
धाकट्या आविनोचा सा. न.

हे पत्र किसुमूला जाणाऱ्या मटाटू गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. फोन मुद्दामच केला नाही. आमच्या घरी तो एकच, आणि नवऱ्याच्या, ओडेराच्या, खिशात असतो.

सरोवरात ओमेना बरी मिळते आहे. ती वाळवता वाळवता माझ्याच अंगाला मासळीचा वास लागला आहे. सासूबाईंचे बोलणे नेहमीचेच. पाठीवर मूल बांधायच्या कापडाला आता वाळवी लागेल, म्हणतात. मी म्हटले, लागू द्या, तिचे तरी पोट भरेल.

ताई, खरी गोष्ट वेगळीच आहे. ऑगस्टमध्ये मी किसुमूला आले, तेव्हा तू तुझ्या दवाखान्यात माझ्या दंडात कांडी बसवलीस आणि पाच वर्षे दिवस राहणार नाहीत असे सांगितलेस. दोन महिने झाले, पाळी आलेली नाही. माझ्या चार महिन्यांच्या ओजवांगला पुरले त्या दिवशीच मी ठरवले होते की आता मूल नको. मला फार भीती वाटते. कांडी जागची हलली असेल का?

माया आहेच, उत्तर मात्र लवकर धाड.
तुझी आविनो


किसुमू, १३ फेब्रुवारी २०१४

चि. आविनोस,
अनेक आशीर्वाद.

कांडी अशी हलत नाही, आणि मी बसवलेली तर नाहीच. चौदा वर्षे कुटुंब नियोजनाच्या खोलीत बसते आहे. हात अजून चुकलेला नाही. दुकानातून तपासणीची पट्टी आण आणि आधी खात्री करून घे.

मात्र एक गोष्ट मला झोपू देत नाही. काही औषधांपुढे या कांडीचा जोर कमी पडतो: क्षयाची, फेफऱ्याची आणि एचआयव्हीचीही काही. म्हणून कांडी बसवण्यापूर्वी प्रत्येकीला विचारायचे असते. तुला मी विचारले नाही. सख्ख्या बहिणीला हे काय विचारायचे, म्हणून त्या रकान्यात मीच ‘नाही’ असे लिहिले आणि आपण चहाला गेलो. आता विचारते. खरे ते लिही. मी रागावणार नाही.

जिवाला जप.
तुझी ताई


म्बिता, १८ फेब्रुवारी २०१४

ती. ताईस,
सा. न.

तू विचारले असतेस तरी मी ‘नाही’च म्हटले असते. चार वर्षे मी एचआयव्हीच्या गोळ्या घेते आहे. ओजवांग मलेरियाने गेला असे मी सर्वांना सांगितले, तुलाही. तो गेल्यानंतरच माझी तपासणी झाली. ओडेराला ठाऊक नाही. बाटली वाजू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबते आणि ती पिठाच्या पोत्यात ठेवते.

इथे गोळ्या देणारी नर्स कुटुंब नियोजनापासून वेगळ्या इमारतीत बसते. मूल राहू नये यासाठी काय करावे, असे तिला एकदा विचारले होते. त्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, बाईसाहेबांची हौस अजून फिटलेली दिसत नाही. त्यानंतर मी तिथे तोंड उघडले नाही.

पट्टीवर दोन रेघा आल्या. तुझे पत्र पोहोचले त्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या आहेत. ज्या औषधाने दंडातली कांडी निकामी केली, ते पोटातल्या जिवाचे काय करील?

रागावू नकोस.
आविनो


किसुमू, २० फेब्रुवारी २०१४

आविनो,

हे वाक्य वाचून होताच उठ आणि गोळी घे. उरलेले पत्र नंतर वाच.

घेतलीस? आता ऐक. आजार बाळापर्यंत पोहोचू न देणाऱ्या त्याच गोळ्या आहेत. मी तुला अर्धेच लिहिले आणि त्या अर्ध्याने तू घाबरलीस. हा दोष माझा. माझ्या खोलीसमोर अंगण आहे आणि अंगणापलीकडे गोळ्यांची खोली. इतक्या वर्षांत एकाही बाईसाठी मी ते अंगण ओलांडून विचारायला गेले नाही.

शनिवारी येते. कांडी काढू, रक्त तपासू, आणि ओडेराला सांगायचे झाले तर मी शेजारी बसेन.

तुझी ताई


म्बिता, ९ नोव्हेंबर २०१४

ती. ताईस,
सा. न.

बाळ दूध चांगले ओढते. आजार लागू नये म्हणून दिलेले औषधही रोज पाजते आहे. आवाज मोठा आहे. सासूबाई म्हणतात, आईवर गेली. मी म्हणते, आजीवर.

ओडेरा कसा आहे, असे विचारलेस. गोळ्या न चुकता घेतो. त्याचाही निकाल माझ्यासारखाच निघाल्यापासून आम्ही एकमेकांशी जपून बोलतो. कुणाकडून कुणाला आले, हे दोघांनीही अद्याप विचारलेले नाही.

तुमच्याकडे आता गोळ्या आणि कुटुंब नियोजन एकाच टेबलावर होते आणि तू नात्यातल्या बाईलाही सगळे प्रश्न विचारतेस, हे वाचून बरे वाटले. पण आज माझे मन तेवढ्याने शांत होत नाही. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा निकाल शुक्रवारी तुझ्याच टेबलावर येणार. गोळ्या बंद होत्या ते सहा दिवस मी पुन्हा पुन्हा मोजते. तेवढ्यात काही झाले असेल का, असे विचारायचे होते, विचारत नाही.

एवढे मात्र कर. मी बाळाला घेऊन दारात दिसले की ‘बस, पाणी घे’ असे म्हणू नकोस. वाईट बातमी देण्यापूर्वी तू बायकांना तसे म्हणतेस, हे मी पाहिले आहे. मला उभीच राहू दे आणि सरळ सांग.

तुझा लोभ शुक्रवारनंतरही असाच राहू दे.
तुझी आविनो