वापरून सुधारणारी पट्टी

१२ जानेवारी, सोमवार
काहीतरी चुकतंय. काय, ते कळत नाही.

तन्वी जेवताना सांगत होती — पाण्यातून हायड्रोजन काढायची तिची पट्टी रोज जास्त चांगली चालते! वर सल्फाइडची स्वस्त भुकटी; या कामाला सगळ्यात सरस पण महाग ते प्लॅटिनम, त्याचा कणही नाही. यावरच तिचा प्रबंध उभा आहे. मी म्हटलं, "वापरून वस्तू झिजते. सुधारते कशी?"

"मावशी, आम्लात तिची छिद्रं उघडतात. बुडबुडे अडकत नाहीत."

हे हसले. "खाने दे उसको! शाळेतून निवृत्त झालीस तू."

झाले. म्हणून विचारायचं नाही?

१३ जानेवारी, मंगळवार
तिळगुळाचा पाक पुढे गेला. लक्ष कुठे होतं!

बुडबुड्यांचं पटतं. मग पटत नाही. आम्ल ढवळलं की हायड्रोजन निघायचा वेग वाढतो — ताजं आम्ल पट्टीपाशी लवकर पोचतं. ठीक. पण ढवळणं थांबलं की वेग पहिल्याइतका खाली यायला हवा. "तेवढा येत नाही," तन्वी म्हणाली. म्हणजे पट्टीवर काहीतरी राहतं. काय?

१४ जानेवारी, संक्रांत
गच्चीवर पतंगवाल्यांचा धिंगाणा. तन्वी घरीच. विचारलं — विजेचं दुसरं टोक कसलं?

"प्लॅटिनमची तार. खूप जण वापरतात."

चमच्याला चांदीचा मुलामा — फळ्यावर किती वेळा काढला असेल! एका टोकाची चांदी विरघळते, दुसऱ्या टोकावर जाऊन बसते. पण प्लॅटिनम? ते साध्या आम्लाला दाद देत नाही, असंच आम्ही शिकलो.

"वीज चालू असताना अगदी थोडं विरघळतं," तन्वी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"मग तारेऐवजी कार्बनची कांडी लाव. पट्टी नवी, आम्ल नवं."

"कायकू, मावशी?" हैदराबादेत येऊन हे मात्र शिकली. "माझ्या गाईड सरांनी निकाल मंजूर केलाय."

"मंजूर झाला म्हणून खरा होत नाही."

पुरणपोळी अर्धी टाकून उठली. सणाच्या दिवशी!

१५ जानेवारी, गुरुवार
अबोला. हे म्हणतात, "तेरा क्या जारा?" बरोबरच असेल. माझी एम.एस्सी. केव्हाची! तिचं यंत्र मी पाहिलेलंही नाही. ताईने पोर विश्वासाने माझ्याकडे ठेवली, अभ्यासासाठी. आणि मी तिचा प्रबंधच पाडायला निघाले? की गप्प बसायला हवं होतं?

२० जानेवारी, मंगळवार
तन्वी कार्बनची कांडी लावून पट्टी रोज चालवत होती. मला आज सांगितलं. पट्टी पहिल्या दिवशी होती तशीच — मरगळलेली. सुधारणा शून्य. म्हणजे सगळी करामत तारेतून विरघळून पट्टीवर बसलेल्या प्लॅटिनमची.

रडली नाही. वरणभात जेवली. "उद्या सरांना सांगते."

पाठीवर हात ठेवावासा वाटला. म्हटलं, "नीट सांग. चाचरू नकोस." एवढंच जमलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं ना? नाही वाटत.

२१ जानेवारी, बुधवार
सांगितलं तिने. सर म्हणाले, "मला माहीत आहे. तार परत लाव."