महेशच्या पेटीतलं लग्न

१४ नोव्हेंबर
व्हिडिओ साठवायच्या पेटीचा तिसरा दिवा पिवळा झालाय. चार डिस्कांपैकी एक आजारी. महेश असता तर शीळ घालत बदलून मोकळा झाला असता. मी कंपनीत जन्मभर वायरमन. तारांशी बोलता येतं, या पेटीशी बोलायला तो गेल्यावर शिकलो. व्हिडिओ बघत, इंग्रजी थांबवून थांबवून. पुण्याहून नवी डिस्क मागवलीय.
तापानं गेला पोरगा, बघता बघता. वर्ष होईल आता. मावळातली त्यानं शूट केलेली सगळी लग्नं मात्र या पेटीत सुखानं नांदतायत.

१६ नोव्हें.
डिस्क बसवली. बाकीच्या तिघींना विचारून विचारून पेटी आता नवीचं पोट भरतेय. आज तिला कुणी त्रास द्यायचा नाही, असं घरात बजावलं. महेशची आई, सुमन, म्हणाली, "बाळंतीण हाये का ती?" दोघं हसलो. लय दिवसांनी.
दुपारी नाणे मावळातलं एक जोडपं आलं, त्यांना लग्नाचा व्हिडिओ हवा होता. पेटीला त्रास नको म्हणत होतो, पण इतक्या लांबून आलेली माणसं. बरोबर निघालाय का बघायला जरा लावून पाहिला तर महेशचा आवाज, "मावशी, हसा की जरा, फुकट आहे!" जोडपं खाली मान घालून बसलं. मी आवाज बंद केला.

१९ नोव्हें.
घरच्या कप्प्यातलं 'महेश-अश्विनी लग्न' गायब! मग डोकं चाललं, स्नॅपशॉट आहेत की. पेटी रोज पहाटे आहे ते सगळं जसंच्या तसं ध्यानात ठेवते. नंतर कुणी काही पुसलं तरी कालच्या ध्यानातून उचलून आणता येतं. आणलं.
इतकी लग्नं केली त्यानं, पण त्याचं तोंड दिसतं ते या एकाच लग्नात. बाकी सगळीकडं कॅमेऱ्यामागं. नुसता आवाज.
सुमनला कौतुकानं सांगायला गेलो, "आपल्या महेशचं लग्न पुसलं गेलं होतं, आणलं बघ परत." तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. मान वर नाही केली.

२१ नोव्हें.
पुन्हा गायब. पुन्हा आणलं. हिच्याच बोटाचा घोळ असणार. मोबाईलवर पेटीतली भजनं बघते, बघून झालेली पुसते. पुसायला महेशनंच शिकवलेलं. ओरडलो नाही.

२२ नोव्हें.
घरात सगळ्यांना एकच किल्ली होती, तीच माझी चूक. आज नीट वाटण्या केल्या. कणगी एक, आत कप्पे वेगळे. भजनांच्या कप्प्यात हिनं काय हवं ते करावं. लग्नाचा कप्पा बघायला तिघांना खुला, पुसायला कुणालाच नाही. तिघांची तीन नावं, तीन पासवर्ड. एकदा चुकून माझंच नाव विसरलो आणि पेटीनं मलाच दारात उभं केलं. पण जमलं शेवटी. या वयात जमलं.
सूनबाईला, अश्विनीला, तिचा पासवर्ड सांगितला. लोणावळ्याहून हॉटेलची ड्यूटी करून आली होती, दमलेली. "बरं, आबा," म्हणाली आणि खोलीत गेली.

२५ नोव्हें.
सुमन मोबाईल घेऊन माझ्यापुढं उभी.
"तुमी माजं पुसनं बंद केलं व्हय?"
"भजनं पुसता येतात की."
"भजनाचं कोन बोलतंय!"
मग उजेड पडला माझ्या डोक्यात. म्हटलं, "म्हणजे तू मुद्दाम..."
"मग काय आंधळी हाये का मी?"
बसली. मग एका दमात बोलली. घोरावाडीचं स्थळ आलंय अश्विनीला. बायको वारलेला माणूस, रेल्वेत आहे, बरा वाटतो. पोरगी विषय काढू देत नाही. "दिसभर हाटेलात लोकास्नी हसून दाखवती, आन् घरी आली की दार लावून त्येच लग्न बघत बसती. तीस वर्साची न्हाई अजून. मी पुसते, तुमी आनता. मी पुसते, तुमी आनता. जनू लई मोठं काम केलं!"
"आपलं पोर आहे ते, सुमन."
"आन् माजं कोन हाये त्ये? मला काय हौस हाये व्हय?"
आणि रडली. मला तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवता आला नाही.

२६ नोव्हें.
तिनं वाढलं, मी जेवलो. पाणी ज्याचं त्यानं घेतलं.

२८ नोव्हें.
वडिवळ्याला मेव्हण्याकडं भाताच्या झोडणीला गेलो होतो दोघं. खळ्यावर सुमन माणसांत होती, बोलत होती. माझं लक्ष नव्हतं. पेंढ्या आपटल्यागत तेच तेच डोक्यात. नुसतं पुसून भागणार नाही, जुने स्नॅपशॉटही काढून टाकावे लागतील. मग देवालाही परत आणता यायचं नाही.
घरी येऊन पेटीला त्यासाठी द्यायची आज्ञा बघितली. इंग्रजी शब्द आहे, अर्थ उद्ध्वस्त कर. एवढा मोठा शब्द कशाला लागतो यांना. अर्धा लिहिला, खोडला. पाणी प्यायलो.

१ डिसेंबर
अश्विनी आपणहून खाली आली.
"आबा, आईंनी पुसलं होतं ते माहीत आहे मला."
मी चष्मा काढला.
"ते नव्हतं त्या रात्री मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी. सकाळी बघते तर परत आलेलं."
मी आणलेलं. उड्या मारत सांगितलेलं घरभर.
विचारलं, "सगळं बघतेस का गं?"
"नाही. अंतरपाटाच्या आधीचं. तो कॅमेरावाल्याला ओरडतो ना, 'अरे, लाईट मागनं येतोय, जागा बदल!' नवरदेव असून! भटजीही थांबले होते." हसली. मग हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि त्याच्या मागचं सगळं निघून गेलं.
"पुसू नका, आबा. त्या कप्प्यातनं फक्त माझं नाव काढा. आणि मी मागितलं तरी देऊ नका."
तिच्यादेखतच काढलं. एका ओळीचं काम. तिनं मोबाईलवर उघडून बघितलं. परवानगी नाही, असं आलं. "थँक्यू, आबा."
थँक्यू कसला, पोरी.

४ डिसें.
सुमनला सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकलं.
"म्हंजे हाये अजून."
"आहे. तिला दिसत नाही एवढंच."
"तुमाला दिसतं?"
"हो."
"मला?"
"तुलाही."
भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "माजं बी नाव काढा."
नाही काढलं. तिचंही काढलं तर बघायला मी एकटाच उरेन.

८ डिसें.
दोघी सकाळच्या लोकलनं घोरावाडीला गेल्या. मी मुद्दाम नाही गेलो. सासरा मध्ये कशाला. दिवसभर पेटीची साफसफाई काढली, गरज नसताना.
आल्यावर सुमनचा आवाज चढलेला. "चा त्यानंच केला! साखर जास्त, पन स्वता केला. आईला बसवूनच ठेवली." अश्विनीला विचारलं, कसे वाटले. "बरे आहेत, आबा. कमी बोलतात." थोडं थांबून, "माझ्याकडनं महेशबद्दल ऐकून घेतलं त्यांनी. सगळं."
हे ऐकून बरं वाटलं आणि कुठंतरी चीरही गेली. दोन्ही लिहून ठेवतो.
उत्तर पुढच्या रविवारी द्यायचंय.

१२ डिसें.
आज अश्विनीची सुट्टी. चहा घेऊन खाली आली, पेटीशेजारी ठेवला, गेली मात्र नाही.
"आबा, एकदाच उघडता? त्यांना हो म्हणायच्या आधी."
"तू काय सांगितलं होतंस?"
"मागितलं तरी देऊ नका."
"मग?"
"मग नका देऊ." असं म्हणून खुर्ची ओढून माझ्याजवळच बसली.
तोंडाकडं बघवेना. नाही म्हटलं तर शब्द पाळला. हो म्हटलं तर पोरीची झोप गेली, आणि रविवारचं काय होईल कोण जाणे. की एकदा डोळे भरून बघूनच सुटेल ती? मला काय कळतंय. मला तारा कळतात.
वरून सुमनची हाक, "आगं, कुकर लावलास का?" मग पावलं वाजली. जिन्यात येऊन आम्हाला बघितलं, पडद्यावर उघडलेली परवानगीच्या नावांची यादी बघितली. वाचता येत नाही तिला त्यातलं, पण कळलं सगळं. खालच्या पायरीवर बसली.
चहावर साय धरली.
"लावा न्हाईतर लावू नका," सुमन म्हणाली, "पन काय करायचं त्ये माज्यासमोर करा."